मुलांच्या त्वचेच्या लहानसहान तक्रारी: घरी काय करायचं, किती आणि किती दिवस

मुलाच्या अंगावर काही उठलेलं दिसलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "काय लावायचं?" हा प्रश्न खरं तर तिसरा आहे. आधी ठरवायचं की ती जागा गरजेपेक्षा जास्त ओली राहते आहे की जास्त कोरडी पडली आहे. मग पाहायचं की तिथे बुरशी, जिवाणू किंवा खरजेचा किडा असं काही जिवंत वाढतंय का. या दोन गोष्टी ठरल्या की काय लावायचं हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं. घामाने बंद झालेल्या त्वचेवर चिकट मलम थापलं, कोरड्या त्वचेवर आणखी सुकवणारं लोशन लावलं किंवा बुरशीवर स्टिरॉइड (दाह दाबणारं औषध) चोळलं, तर साधी तक्रारही चिघळते. आणि औषध अगदी बरोबर असलं तरी ते फार थोडं किंवा फार थोडे दिवस लावलं तर गुण येत नाही.

बाळाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो. त्यातून ओलावा लवकर निसटतो आणि बाहेरून लावलेलं औषध सहज आत जातं. शिवाय वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असतं. म्हणजे तेच मलम तेवढ्याच भागावर लावलं, तरी बाळाच्या शरीरात वजनाच्या हिशेबाने कितीतरी जास्त औषध उतरतं. "वरून तर लावायचंय" हा युक्तिवाद लहान मुलांच्या बाबतीत चालत नाही.

दुसरी गोष्ट त्वचेच्या आम्लपणाची. निरोगी त्वचेचा सामू (pH, आकडा जितका कमी तितका आम्लपणा जास्त) ५ च्या आसपास असतो आणि हा सौम्य आम्लपणाच नको त्या जंतूंना आवरून धरतो. साध्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. म्हणून लहान मुलाच्या सगळ्या अंगाला रोज साबण लावायची गरज नसते. काखा, जांघा, तळवे आणि मळलेले भाग एवढे पुरे, तेही बिनवासाच्या सौम्य क्लीन्झरने.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लालसरपणाची जी वर्णनं सगळीकडे वाचायला मिळतात ती गोऱ्या त्वचेची असतात. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर दाह लाल दिसेलच असं नाही. तो जांभळट, गडद तपकिरी किंवा राखाडी दिसतो. अशा वेळी रंगापेक्षा हाताला काय लागतं ते पाहा: जागा गरम आहे का, खरखरीत आहे का, फुगलीय का, दाबल्यावर मूल रडतं का. तक्रार बरी झाल्यावर तिथे काळसर किंवा फिकट डाग उरतो. तो काही महिन्यांत आपोआप जातो, त्याच्यावर वेगळं काही लावायचं नाही.

लंगोटाच्या जागेची लाली

ही ओल्या त्वचेची तक्रार. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि त्वचेचा आम्लपणा कमी होतो. तो कमी झाला की शीमध्ये असलेली पचनाची एन्झाइम्स जोर धरतात आणि भिजून मऊ पडलेली त्वचा कुरतडू लागतात. म्हणून नुसत्या शूपेक्षा शी आणि शू एकत्र साचून राहणं जास्त वाईट. जुलाब लागले की एका दिवसात कुल्ले सोलवटल्यासारखे होतात ते यामुळेच.

शी झाली की लगेच डायपर किंवा लंगोट बदला, एरवी दर २ ते ३ तासांनी. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने किंवा मऊ फडक्याने स्वच्छ करा. वाइप्स वापरायचे तर सुगंध आणि अल्कोहोल नसलेले घ्या. जागा घासून पुसू नका, टिपून घ्या. मग १० ते १५ मिनिटं ती उघडी राहू द्या. दिवसातून तीन-चार वेळा असं मोकळं ठेवलं तर निम्मं काम झालं समजा.

त्यानंतर झिंक ऑक्साईडचं मलम, आणि ते भरपूर. इथे पातळ थर कामाचा नाही. खालची त्वचा दिसणार नाही इतका, साधारण २ ते ३ मिलिमीटर जाड थर द्यायचा, कारण त्याचं काम ओलावा आणि त्वचा यांच्यामध्ये उभं राहण्याचं आहे. पुढच्या वेळी बदलताना अनेकजण हे मलम खरवडून पूर्ण काढतात आणि त्यासोबत नवी आलेली नाजूक त्वचाही निघते. तसं करू नका. वरचा मळलेला थर तेवढा टिपून काढा आणि त्यावरच नवा थर द्या. पूर्ण साफ दिवसातून एकदाच करायचं, तेही कापसावर खनिज तेल घेऊन, म्हणजे मलम न घासता सुटून येतं.

दोन-तीन दिवस हे नीट करूनही लाली हटली नाही, तर बुरशीचा संशय घ्या. ओळखायला सोपी खूण आहे. साधी लाली फुगीर भागांवर असते, जिथे डायपर टेकतो तिथे, आणि जांघेच्या घडीच्या आतली त्वचा बहुतेकदा वाचते. बुरशी मात्र घडीतच घर करते, रंग गडद असतो, आणि मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर सुट्या सुट्या बारीक पुटकुळ्या दिसतात. मुलाला नुकतीच अँटिबायोटिक दिली असतील तर शक्यता आणखी वाढते. तोंडात, जिभेवर न निघणारा पांढरा थर आहे का तेही पाहा. यावर क्लोट्रिमॅझोल १% क्रीम दिवसातून २ ते ३ वेळा पातळ लावायचं, त्यावर झिंकचा थर, आणि लाली गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवायचं. झिंक खाली आणि क्लोट्रिमॅझोल वर असा उलटा क्रम केला तर औषध त्वचेपर्यंत पोचतच नाही. तोंडातही थर असेल तर त्याचं औषध डॉक्टरांकडून घ्या.

टाल्कम पावडर मात्र कुठल्याही तक्रारीत नको. तिचे बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि घडीत ती ओली होऊन घासते.

घामोळं

घामोळं म्हणजे घामाच्या नळीचं तोंड बंद होणं. घाम बाहेर न येता त्वचेतच अडकतो आणि बारीक टोचणाऱ्या पुटकुळ्या उठतात, मानेवर, पाठीवर, काखेत, कपडा घट्ट बसतो तिथे. याचं औषध मलमात नाही, गारव्यात आहे. कपड्याचा एक थर कमी करा, सैल सुती कपडे घाला, थंडसर पाण्याने साबणाशिवाय अंघोळ घाला आणि अंग हवेवर सुकू द्या. त्वचा गार राहिली तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. तेल, पेट्रोलियम जेली, जाड क्रीम यांनी नळीचं तोंड आणखी बुजतं. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन चालेल, फक्त खाजवून सोललेल्या जागेवर नको.

बाळाला उकडतंय का हे हातापायांवरून ठरवू नका, ते एरवीही थोडे गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहा. तिथे दमट आणि गरम लागलं तर कपडे जास्त झालेत. पुटकुळ्यांत पू दिसू लागला किंवा ताप आला तर ते नुसतं घामोळं नाही, डॉक्टरांना दाखवा.

टाळूवरच्या खपल्या

जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पुष्कळ बाळांच्या डोक्यावर पिवळट, तेलकट खपल्या धरतात. त्या खाजत नाहीत, बाळाला त्रास नसतो, आणि काही महिन्यांत त्या आपोआप जातात. काढायच्याच असतील तर खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली खपल्यांवर हलक्या हाताने लावा, १५ ते ३० मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रशने सैल करा आणि बेबी शाम्पूने धुऊन टाका. तेल डोक्यात तसंच ठेवू नका. इथे ऑलिव्ह तेलापेक्षा खनिज तेल चांगलं, कारण टाळूवर वाढणारी मॅलासेझिया नावाची बुरशी वनस्पती तेलांतल्या स्निग्धाम्लांवर पोसते, खनिज तेलावर नाही. नखाने खपली उचकटू नका. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू किंवा सॅलिसिलिक ॲसिड बाळाला वापरू नका.

इसब: इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं

मुलांच्या त्वचेच्या तक्रारींमध्ये घरच्या माणसांच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते इसबात. बाळांमध्ये ते गालांवर, कपाळावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतं. दोन वर्षांनंतर कोपराच्या आतल्या खळगीत, गुडघ्यामागे, मनगटावर आणि मानेवर. लंगोटाखालची जागा सहसा सुटते, कारण ती ओली राहते. मूळ दोष हा की त्वचा पाणी धरून ठेवू शकत नाही. ती कोरडी पडते, खाजते, मूल खाजवतं, त्वचा आणखी फाटते, बाहेरचे त्रासदायक कण आत शिरतात, दाह वाढतो आणि खाज आणखी वाढते. हे चक्र तोडायची दोन ठिकाणं आहेत: कोरडेपणा आणि दाह.

कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर. इसब नसलेल्या दिवशीसुद्धा. दिवसातून किमान दोनदा, सगळ्या अंगाला. किती, तर लहान मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर उपचार चालू आहे असं म्हणता येणार नाही. "क्रीमने काही फरक पडत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा प्रमाणाची असते.

लोशन, क्रीम आणि ऑइंटमेंट यांत फरक पाण्याचा आहे. लोशनमध्ये पाणी सर्वात जास्त, ते लवकर उडून जातं. क्रीम मधलं. ऑइंटमेंट जवळजवळ सगळं स्निग्ध, सर्वात चिकट आणि सर्वात परिणामकारक, शिवाय त्यात टिकवण्यासाठी घातलेली रसायनं कमी असल्याने ते चुरचुरत नाही. रात्री ऑइंटमेंट आणि दिवसा क्रीम ही वाटणी घरात निभते. सुगंध असलेलं काहीही घेऊ नका, मग पाकिटावर ते नैसर्गिक असल्याचं लिहिलेलं असलं तरी. बरणीतून घेताना बोटं न घालता स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर बरणीतच जंतू वाढतात. लावताना केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, वरून खाली, हलका हात फिरवा. जोरात गोल गोल चोळलं की केसांच्या मुळाशी मलम बसून पुटकुळ्या येतात.

अंघोळ कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटं. पाण्याची ऊब कोपर बुडवून पाहा, कोपराला गरम लागलं तर ते जास्त आहे. टॉवेलने टिपून, त्वचा किंचित दमट असतानाच, ३ मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं. उशीर झाला तर अंघोळीचं पाणी उडताना त्वचेतला ओलावाही घेऊन जातं, आणि अंघोळीने फायदा होण्याऐवजी तोटा होतो.

एक धोका क्वचितच कुणी सांगतं. पेट्रोलियम जेली आणि इतर स्निग्ध मलमं कपड्यांत, चादरीत मुरतात आणि असा कपडा आगीजवळ झटकन पेट घेतो. एकदा धुतल्याने तो थर पूर्ण जात नाही. अशा कपड्यातल्या मुलाला शेगडी, मेणबत्ती, सिगारेट यांपासून लांब ठेवा.

आता दाह. जिथे त्वचा लाल किंवा जांभळट, जाड आणि खाजरी झालीय तिथे मॉइश्चरायझर एकटं पुरत नाही, सौम्य स्टिरॉइड लागतं, सहसा हायड्रोकॉर्टिझोन १%. दोन वर्षांखालच्या मुलाला हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. स्टिरॉइडच्या बाबतीत दोन टोकाच्या चुका होतात. कुणी भीतीने इतकं कमी लावतं की दाह धुमसत राहतो आणि शेवटी जास्त दिवस औषध लागतं. कुणी गुण येतोय म्हणून महिनोन्‌महिने लावत राहतं आणि त्वचा पातळ होते. दोन्ही टाळायचं तर मोजून लावा.

मोजायला मोठ्या माणसाचं तर्जनीचं टोक वापरतात. ट्यूबमधून बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत मलमाची एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या (बोटं धरून) जागेला पुरतं. ३ ते ६ महिन्यांच्या बाळाच्या चेहरा आणि मानेला मिळून १ रेघ, एका पूर्ण हाताला १, एका पायाला दीड. १ ते २ वर्षांच्या मुलाला चेहरा-मानेला दीड, एका हाताला दीड, एका पायाला २. हे प्रमाण तो पूर्ण भाग इसबाने भरला असेल तेव्हाचं आहे, चट्टा छोटा असेल तर त्या हिशेबाने कमी. दिवसातून एकदा किंवा दोनदा, फक्त दाह असलेल्या जागी, दाह जाईपर्यंत. चेहऱ्यावर ५ दिवसांहून जास्त लागतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा. मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड यांच्यात १५ ते ३० मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर स्टिरॉइड पातळ होऊन नको तिथे पसरतं.

नखं कापून बोथट ठेवा. लोकरीचा कपडा थेट अंगाला लागू देऊ नका. मनानेच दूध, अंडी किंवा इतर पदार्थ बंद करू नका. बहुतेक मुलांचं इसब अन्नामुळे नसतं, आणि वाढत्या वयात पदार्थ काढून घेतल्याने पोषण मात्र कमी होतं. इसबावर अचानक पिवळी खपली धरली, ते पाझरू लागलं तर जिवाणूंचा संसर्ग झालाय. एकसारख्या आकाराचे, दुखणारे, मध्ये खड्डा पडलेले फोड आले आणि मूल तापाने मलूल झालं, तर ते नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचं लक्षण असू शकतं. तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

मिश्रणाची मलमं

एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक असलेली मलमं घराघरांत असतात, आणि मुलांच्या त्वचेचं सगळ्यात जास्त नुकसान आम्ही यांच्यामुळेच होताना पाहतो. त्यातलं स्टिरॉइड बहुतेकदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं तीव्र असतं. लावल्यावर एका दिवसात खाज थांबते, म्हणून विश्वास बसतो. पण गजकर्णावर ते लावलं की शरीराचा प्रतिकार दबतो आणि बुरशी खालून पसरत राहते. कडा पुसट होतात, चट्टा ओळखू येईनासा होतो, आणि मलम थांबवताच दुप्पट वेगाने उसळतो. लंगोटाच्या जागी तर डायपर स्वतःच झाकणासारखं काम करतो आणि औषध कितीतरी जास्त शोषलं जातं. ट्यूबवर घटक वाचा. शेवटी "-सोन" किंवा "-सोल" असलेली नावं बहुधा स्टिरॉइडची असतात (क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांसारखी "-झोल"ने संपणारी मात्र बुरशीनाशकं). कळलं नाही तर औषध विक्रेत्याला सरळ विचारा: यात स्टिरॉइड आहे का?

गजकर्ण आणि खरूज

गजकर्णाचा चट्टा गोल असतो, कडा उंच आणि कोंडा सुटणारी, मधला भाग त्यामानाने स्वच्छ. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल क्रीम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. २ ते ४ आठवडे लागतात, आणि चट्टा गेल्यावरही एक आठवडा लावायचं. बहुतेकजण खाज थांबल्यावर पाचव्या दिवशी सोडतात आणि महिन्याने तो परत येतो. टॉवेल, कंगवा वेगळे ठेवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल आणि त्याचे केस कुठे गळाले असतील तर त्यालाही दाखवा. डोक्यातल्या गजकर्णाला, म्हणजे केस तुटून टक्कल पडलेल्या, कोंडा सुटणाऱ्या चट्ट्याला, क्रीम चालत नाही. बुरशी केसाच्या मुळात असते आणि तिथवर क्रीम पोचत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेलं पोटात घ्यायचं औषध काही आठवडे लागतं.

खरजेची खाज रात्री वाढते, आणि बहुधा घरात एकापेक्षा जास्त जण खाजवत असतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत पाहा. बाळांमध्ये तळहात, तळपाय आणि डोक्यावरही असते. परमेथ्रिन ५% क्रीम दोन महिन्यांवरच्या मुलांना चालतं. मानेपासून पावलांपर्यंत सगळ्या अंगाला, नखांखालीही, आणि लहान बाळांना डोळे-तोंड सोडून डोक्याला आणि चेहऱ्यालाही. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. बाळ बोटं चोखत असेल तर हातमोजे घाला. ७ दिवसांनी सगळं पुन्हा एकदा.

हे फसतं ते एकाच कारणाने: घरातल्या ज्यांना खाज नाही त्यांना लावत नाहीत. पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुरू व्हायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात, तोवर तो माणूस इतरांना देत असतो. म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. त्या दिवशीचे कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही ते पिशवीत बांधून किमान तीन दिवस ठेवा, अंगापासून दूर किडा त्याहून जास्त जगत नाही. उपचारानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहते, ती मेलेल्या किड्यांच्या अवशेषांमुळे. एवढ्यासाठी पुन्हा पुन्हा क्रीम लावू नका.

मधाच्या रंगाच्या खपल्या

नाकाखाली, ओठाच्या कडेला लहान फोड, ते फुटून मधाच्या रंगाची खपली: हा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग, त्याला इम्पेटिगो म्हणतात. तो भराभर पसरतो. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं ५-१० मिनिटं ठेवून खपली मऊ करा, हलकेच काढा, मग डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मलम लावा. खपलीच्या वर लावलेलं मलम वाया जातं. उपचार सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत किंवा खपल्या सुकेपर्यंत मूल घरी ठेवा, टॉवेल वेगळा. स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. लघवी चहासारखी गडद झाली किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली तर लगेच दाखवा.

चावे, पित्त, खरचटणं, भाजणं

डास किंवा किडा चावल्यावर साबण-पाण्याने धुवा आणि गार ओलं फडकं १० मिनिटं धरा. बर्फ थेट त्वचेला लावू नका. मधमाशी चावली असेल तर नांगी लगेच काढा. नखाने की चिमट्याने यात वेळ घालवू नका, कारण तुटलेली नांगीही काही सेकंद विष सोडत राहते. चाव्याची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत मोठी दिसते आणि खाजते. संसर्गाची लाली सहसा नंतर येते, ती खाजण्यापेक्षा दुखते, गरम लागते आणि पसरते. शंका असेल तर कडेवर पेनाने रेष ओढा आणि काही तासांनी पाहा. डीट असलेलं डासविरोधी औषध दोन महिन्यांखाली वापरू नका. मोठ्या मुलांसाठी ३०% पर्यंतचं घ्या, हातांना आणि डोळ्यांजवळ लावू नका, मूल ते चाटतं किंवा डोळे चोळतं.

पित्ताच्या गांधी फुगीर, खाजऱ्या असतात आणि जागा बदलत राहतात, एक गांध सहसा २४ तासांत नाहीशी होते. मुलांमध्ये त्या बऱ्याचदा सर्दी-तापाच्या विषाणूमुळे उठतात. खाजेचं औषध वयानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ओठ किंवा जीभ सुजली, श्वासाला त्रास, घोगरा आवाज, वारंवार उलट्या किंवा मूल पांढरं पडलं, तर ती आणीबाणी आहे.

खरचटलं की जखम वाहत्या पाण्याखाली ५ मिनिटं धरा. घाण निघणं हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने १० मिनिटं सलग दाबा. दर मिनिटाला उचलून पाहिलं की धरलेली गुठळी सुटते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भरून येणाऱ्या पेशींनाही जाळतात, ते नको. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी, रोज बदलून. जखम दमट राहिली तर लवकर आणि कमी डागाने भरते, उघडी ठेवून खपली धरवणं ही जुनी समजूत. धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का ते तपासा.

भाजलं तर थंड वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं. ३ तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. मुलाचं बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर ते गारठतं. बर्फ, टूथपेस्ट, तेल, तूप काही नको. त्यांनी उष्णता आत कोंडते किंवा त्वचेला आणखी इजा होते. फोड फोडू नका. मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, जननेंद्रियं इथे कितीही लहान असलं, तरी दवाखाना.

गालांवरचे फिकट, किंचित खवलेदार चट्टे बहुतेकदा सौम्य इसबाचाच प्रकार असतात. जंतांशी किंवा कॅल्शियमशी त्यांचा संबंध नाही. मॉइश्चरायझर लावा आणि काही महिने द्या. मध्ये खळी असलेले मोत्यासारखे दाणे (मोलस्कम) विषाणूचे असतात, ६ ते १८ महिन्यांत जातात. फोडले तर पसरतात.

घरी थांबायचं नाही तेव्हा

तापासोबत दाबल्यावरही न विरणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, तर लगेच रुग्णालय. पाहायची पद्धत: पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यांवर दाबा आणि काचेतून पाहा. गडद त्वचेवर तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत पाहा. त्वचेखाली रक्त उतरत असल्याची ती खूण असू शकते. पण काही ठिपके विरले म्हणून मलूल मुलाला घरी ठेवू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, पहिल्या महिन्यात पाणी किंवा पू भरलेले फोड, त्वचा सोलवटून निघणं, डोळ्याभोवती दुखरी सूज, लाल रेषा वर चढत जाणं, दूध न पिणं: यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपचार करत बसू नका.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, अर्धवट संपलेल्याही. पुरळ येत-जात असेल तर दिवसाच्या उजेडात दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक दुरून, म्हणजे ते कुठे आहे तेही कळतं. तपासणीच्या दिवशी सकाळी त्या जागेवर काही लावू नका, विशेषतः रंगीत लोशन, कारण त्याखाली त्वचेचा खरा रंग दिसत नाही.